कप्तानांचा पलंग

मिस्त्रींनी आयुष्यात बऱ्याच गोष्टी बिघडवल्या होत्या. दोन स्कूटरी, एका भाचीचं जमत आलेलं लग्न, आणि बायकोचा मूड तर रोजचाच. पण त्यांच्या हातचं लाकूडकाम कधी डुगडुगलं नव्हतं. खुर्ची असो की कपाट, गिऱ्हाइकाच्या घरी नेलं की ते वर पाणसळ ठेवत, आतला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत पाय घासत बसत आणि मगच चहाला हात लावत. त्यामुळे कप्तानीणबाई कारखान्याच्या दारात येऊन म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचा पलंग जरासुद्धा हलत नाही हो," तेव्हा त्यांना वाटलं, बाई कौतुक करायला आल्यात.

कप्तान काही जहाजाचे कप्तान नव्हते. दोन माणसांची मासेमारीची होडी, पण रुबाब असा की गल्लीनेच पदवी देऊन टाकली. गुडघ्यांनी दगा दिला, होडी मोडीत निघाली, तेव्हा बाईंनी तिच्या फळ्या पलंग करायला मिस्त्रींकडे आणून टाकल्या होत्या. त्यातली एक सरळ असेल तर शपथ! मिस्त्रींनी महिनाभर खिळे उपटले, रंधा मारला, खाली सागवानी पाय लावले आणि बुडबुडा मध्ये आणून दाखवला.

"आठ दिवस यांच्या डोळ्याला डोळा नाही," बाई म्हणाल्या. "म्हणे, मेलेल्या होडीवर झोप येत नाही. उद्या सकाळी एक जण सौद्याला येतोय, हे नवी होडी घेणार! या गुडघ्यांनी गेले तर परत येतील का हो? तुम्ही एक पाय बोटभर कमी करा."

"बाई, माझा पाय कापा एक वेळ!"

मिस्त्री खूप भांडले. जाड गादी घ्या म्हणाले, झोपाळा टांगा म्हणाले. पण बाईंचे डोळे भरून आले आणि मिस्त्रींचं अवसान गळालं. दुपारी ते चोरासारखे हत्यारं घेऊन कप्तानांकडे गेले आणि आधी खिडकी लावून घेतली. कोणी पाहिलं असतं तर धंद्याची अब्रू गेली असती.

कप्तान पलंगावर फुगून बसले होते. मिस्त्रींनी त्यांना उठवून पलंग कलता केला आणि एक पाय थोडा तासला. कप्तान आडवे झाले, कूस बदलली.

"छे! हे तर खाडीचं पाणी."

मिस्त्रींनी दात-ओठ खात आणखी तासला.

"अजून किनारा दिसतोय."

तिसऱ्यांदा रंधा फिरला. पलंग या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर डुलला. "हां! आता आलो बघा भर समुद्रा..." म्हणता म्हणता कप्तान घोरायलाही लागले. प्रत्येक श्वासाला पलंग डुगडुग करत होता आणि प्रत्येक डुगडुगीला मिस्त्री डोळे मिटून घेत होते. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायला त्यांचे हात नुसते शिवशिवत होते.

तेवढ्यात कप्तान झोपेत ओरडले, "दोर सोडा!"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "बघा, घरात निजूनसुद्धा निघालेच." मग एकदम त्यांना रागच आला. "अहो, थांबा! चाळीस वर्षं मी नुसतं किनाऱ्यावर उभं राहायचं का? एकदा तरी मला न्या की!" आणि चपलांसकट त्या पलंगावर चढल्या. पलंग त्यांच्या बाजूला कलला. कप्तान झोपेतच सरकले आणि पुटपुटले, "घट्ट धर गं. पुढे लाटा आहेत."

बाईंनी त्यांचा दंड धरला. मिस्त्री चवड्यांवर चालत बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांना राहवेना. फिरायला निघाल्यासारखं दाखवत ते कप्तानांच्या घराकडे गेले. होडी विकणारा माणूस दार ठोठावून बेजार झाला होता.

"कप्तान आहेत का?" त्याने पुन्हा हाक दिली.

आतून बाईंचा झोपाळलेला आवाज आला. "घरी कोणी नाही! आम्ही दोघं समुद्रात गेलोय."