तिसऱ्या पातळीचा बिल्ला

कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारे आमचे साडू जंगलात हरवलेल्यांना शोधणाऱ्या स्वयंसेवकांच्या तुकडीत शिरले. प्रशिक्षणाची पहिली पातळी त्यांनी खुर्चीत बसून गाठली, दुसरी दोराला गाठी मारून. तिसरीच्या परीक्षेला कोणीतरी हरवायला हवं होतं, म्हणून बायकोने मला पुढे केलं. "नाहीतरी घरात लोळतच असता," म्हणाली.

पाय मोडल्याचं सोंग घेऊन मी ओढ्याकाठी पडलो. साडू दोनदा शेजारून गेले, दोन्ही वेळा नकाशात डोकं खुपसून. मी "वाचवा!" म्हणून ओरडलो, तर मान वर न करता खेकसले, "जरा गप्प बसा हो, शोधतोय ना आम्ही!"

शेवटी मुंग्यांना कंटाळून मी स्वतःच चालत तुकडीच्या तंबूपाशी आलो. तिथे टाळ्या चालल्या होत्या आणि साडूंच्या छातीवर बिल्ला झळकत होता.

"मी न सापडताच हे पास?" मी विचारलं.

"शोधायची पद्धत अचूक होती," प्रशिक्षक म्हणाले. "सापडण्याला गुण नसतात."

साडूंनी माझ्याकडे रागाने पाहिलं. "एक गुण मात्र तुमच्यामुळे गेला. पाय मोडलेला माणूस कधी चालत येतो का?"