सकाळची उंची

सुताराचं पत्र अकरा वर्षं शब्दकोशात दबून होतं. लष्करी भरती केंद्रात उंची-वजन नोंदवून निवृत्त झालेला कारकून ते अधूनमधून काढी, वाचे आणि पुन्हा दडवी.

‘साहेब, सहा मिलिमीटरनं तुम्ही मला नापास केलंत. आता सुतारकाम करतो, रोज मापं घेतो. घरी सकाळी भरतीला लागतात तेवढे बरोबर एकशे सत्तर सेंटीमीटर भरतो. वडील म्हणतात, टाचा उचलून मोजत असशील, लबाडा. मी खरंच कमी होतो का? एवढंच कळवा.’

परवा दवाखान्यात नर्सने कारकुनालाच पट्टीखाली उभं केलं.

“आजोबा, जुन्या नोंदीपेक्षा चार सेंटीमीटरनं घटलात की! त्यात हे संध्याकाळचं माप. सकाळी थोडे जास्त भराल.”

“जन्मभर लोकांची मापं काढलीत,” बायको हसली, “आता भोगा!”

त्याला हसू आलं नाही. माणूस दिवसभरात उंचीनं थोडा खचतो, हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. तो पोरगा पहाटेपासून रांगेत उभा होता, मैलभर धावला होता आणि पट्टीखाली आला तेव्हा चार वाजून गेले होते. ‘सकाळी फेरमोजणी’ असा शेरा मारायची सोय होती. पण शेजारी मेजरसाहेब बसलेले. कारकुनाने सरळ ‘नापास’ लिहिलं.

“आता लिहूनच टाकतो,” तो म्हणाला. मग नेहमीची शंका डोकावली. “पण माझंच चुकत असेल तर?”

“अहो, मग मोजा ना! मी धरते पट्टी.”

आठ दिवस तो सकाळ-संध्याकाळ दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. बायको डोक्यावर पुस्तक टेकवून पेन्सिलीची रेघ ओढी. “टाचा खाली!” ती दटावी. आठही दिवस संध्याकाळची रेघ खाली आली.

नवव्या दिवशी त्याने लिहिलं: ‘तुम्ही कमी नव्हता. दिवसभर उभे राहून खचला होता. मला ते ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. हे पत्र वडिलांना दाखवा.’ खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही.

“वडील असतील का हो अजून?” बायकोने विचारलं.

त्याने पाकीट चिकटवलं.

“उद्या फिरायला जाताना टाका. आता ऊन कलतंय.”

“हो. सकाळीच जातो.”

उजाडताच तो निघाला. पाठ जमेल तेवढी ताठ केली, टाचा जमिनीला टेकवल्या आणि पत्र पेटीत टाकलं.