धुरकट बाटली

मिस्त्रीच्या साडूने बाटलीचं बूच काढलं आणि वासाने खोलीतली माणसं दोन पावलं मागे सरली. साडू जहाजावर इंजिनियर. घरी आला की काहीतरी आगळंवेगळं घेऊन यायचा. या खेपेला स्कॉच होती, तीही धुरकट. तिकडे दलदलीतली माती कापून, वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर सातू सुकवतात, असं तो कौतुकाने सांगत होता.

मिस्त्रीच्या थोरल्या भावाने, दादांनी, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. वायर जळल्यासारखा वास येतोय, आणि असलं विकत घेणाऱ्याची अक्कल तपासायला हवी, असं त्यांचं मत पडलं. पहिल्या घोटाला शिव्या घालणारेच पुढे पेला सोडत नाहीत, असं साडूचं म्हणणं. आतून मिस्त्रीची बायको नाक दाबत आली. तिला दवाखान्यातल्या मलमपट्ट्या आठवल्या. वाद मिटेना, तेव्हा निवाडा मिस्त्रीवर आला. तो गॅसच्या शेगड्या आणि नळ्या दुरुस्त करायचा. त्याच्याइतकं तिखट नाक घरात दुसऱ्या कुणाचं असणार?

मिस्त्रीने पेला नाकाशी धरला. काही नाही. घोट घेतला. घसा तेवढा भाजला.

"जरा गोडसर आहे," तो म्हणाला. "वास असा फारसा नाही."

साडू पोट धरून हसला. दादा म्हणाले, याला बघूनच चढली. बायको मात्र हसली नाही. क्षणभर त्याच्याकडे बघून ती आत निघून गेली.

थंडीतल्या मोठ्या तापात त्याचं नाक गेलं होतं, कसलाच वास येईनासा झाला होता. आज येईल, उद्या येईल म्हणत त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावला की गळती डोळ्यांना दिसते. त्यावर निभावत होतं. पण भिंतीतून गेलेल्या नळीला फेस कुठून लावणार? मागच्याच महिन्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईने त्याला बोलावलं होतं. वास येतोय, म्हणाली. त्याने दिसतील तेवढे जोड तपासले आणि निर्धास्त राहा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात भडका उडाला. तिचे दोन्ही हात भाजले. नळीच जुनी होती, असं म्हणून सगळ्यांनी विषय संपवला.

पाहुणे गेल्यावर बायकोने विचारलं, "अहो, नाक कधीपासून गेलंय?"

"तापापासून."

"म्हणजे त्या बाईंकडे गेलात तेव्हाही?"

त्याने मान खाली घातली.

"मला तरी सांगायचंत," ती म्हणाली. "मी आले असते तुमच्याबरोबर, वास घ्यायला."

सकाळी तो गॅस कंपनीच्या ऑफिसात गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. झाकली मूठ झाकलीच ठेव, असं साहेब आधी समजावत होते. तो ऐकेना, तेव्हा त्यांनी हत्यारांची पेटी जमा करून घेतली आणि चौकशी लावली. तिथून तो बाईच्या घरी गेला. दार नवऱ्याने उघडलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हात उगारला गेला आणि तसाच खाली आला.

कोण आलंय, असं बाईने आतून विचारलं.

"कुणी नाही," नवरा म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

मिस्त्री बराच वेळ जिन्यात उभा राहिला. मग त्याने पुन्हा बेल दाबली.