प्रभूच्या खुर्चीची गादी

तिने कात्रीचं टोक शिवणीत घालून तिसरा टाका उसवला, तेव्हा गादीतून काहीतरी फरशीवर पडलं आणि घरंगळत टेबलाखाली गेलं. बटण असेल, असं तिला वाटलं. चौथ्या टाक्याबरोबर आणखी दोन गोळ्या पडल्या. पांढऱ्या. मग एक गुलाबी.

खोळ धुवायला काढायची, एवढाच तिचा विचार होता. आईला माती देऊन दोन महिने झाले होते. गेले पंधरा दिवस ती रजा काढून बाबांकडे राहत होती, आणि घरात न धुतलेलं असं आता फारसं काही उरलं नव्हतं. खोळीच्या तीन बाजू मशीनवर शिवलेल्या होत्या. चौथी हाताने घातलेली, वेगळ्या दोऱ्याची, पुन्हा पुन्हा उसवून पुन्हा शिवल्यासारखी. टाके आईचेच होते. इतके आखूड टाके घरात दुसरं कुणी घालत नसे.

तिने कापसात हात घातला. गुलाबी रक्तदाबाच्या, पांढऱ्या साखरेच्या. ओंजळ भरली, तरी आत बोटांना लागतच होत्या.

ही खुर्ची प्रभूची होती. घरात टीव्ही आला त्याच दिवशी बाबांनी ती बाकीच्या खुर्च्यांतून वेगळी काढून टीव्हीसमोर मांडली, आणि दोघा मुलांना एकच नियम सांगितला. टीव्ही लावायच्या आधी खुर्चीकडे बघायचं. तो इथे बसलेला असता तर हे लावलं असतं का, ते स्वतःला विचारायचं आणि मगच बटण दाबायचं. त्या खुर्चीवर कधी कुणी बसलं नाही. पाहुणे जास्त झाले तर लोक खाली सतरंजीवर बसत. धाकट्या भावाने एकदा विचारलं होतं, प्रभूला क्रिकेट चालतं का. बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, पाच दिवसांचं चालेल, त्याला धीर आहे. आत्या मात्र येता-जाता टोमणा मारायची, की दादाच्या घरी टीव्हीसुद्धा डोक्यावर पदर घेऊन बसतो.

बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काच सरकवत ते विचारायचे, आता स्पष्ट, की मघाशी? घरातही तीच रीत होती. सिनेमा, गाणी, मालिका, प्रत्येकाची अशी पारख व्हायची आणि बहुतेकांची परत पाठवणी व्हायची. पुढे शंभर वाहिन्या आल्या, तेव्हा त्यांनी आकड्यांचं कुलूप घालून सगळ्या बंद केल्या. दोनच मोकळ्या ठेवल्या. एक बातम्यांची आणि दुसरी, जिच्या कोपऱ्यात सोनेरी क्रूस असायचा ती. त्या दुसरीची पारख करायची असते, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या वाहिनीवर रोज पाच वाजता पांढऱ्या कोटातला एक उपदेशक यायचा. इथे आल्यापासून तिने त्याला रोज पाहिलं होतं, कारण बाबा आता दुकान लवकर बंद करून त्याच्यासाठी घरी येत. तुझ्या आईचा कार्यक्रम, म्हणत. उपदेशक लोकांना पेलाभर पाणी पडद्यासमोर ठेवायला सांगे. ज्याच्यावर तुमचा प्रभूपेक्षा जास्त भरवसा आहे, ते आणून त्याच्या पायाशी ठेवा, असंही सांगे. टीव्हीखालच्या फळीवर पेल्याच्या बुडाएवढं वर्तुळ उमटलं होतं. पहिल्या आठवड्यात तिने ते घासून पाहिलं, पण गेलं नाही. आई तिथे फुलदाणी ठेवत असेल, असं समजून तिने नाद सोडला होता.

त्याच्या पायाशी. तिने गादी मांडीवरून खाली ठेवली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं होतं, गोळ्या चुकत नव्हत्या ना? बाबा ताठ बसून म्हणाले होते, एकही नाही, रोज सकाळी मी स्वतः तिच्या हातावर ठेवायचो. ते खरंच होतं. बाबा आयुष्यात खोटं बोललेले तिला आठवत नव्हते.

पाचला दहा मिनिटं असताना जिन्यावर त्यांची पावलं वाजली. चौथ्या पायरीवर थांबली. परवा ते सातव्या पायरीवर थांबले होते. आत येऊन त्यांनी चपला काढल्या. डाव्या पायावर पट्ट्याचा खोल वळ उठला होता. दुःखाने माणूस असा जड होतो, असं ती पंधरा दिवस स्वतःला सांगत आली होती.

त्यांनी रिमोट उचलला, टीव्ही लावला आणि मग खुर्चीकडे पाहिलं. हा क्रम या घरात तिने पहिल्यांदाच पाहिला.

"गादी कुठे गेली?"

"खोळ धुवायला काढली."

खुर्चीच्या उघड्या लाकडावर तिने गोळ्यांचा ढीग करून ठेवला होता. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. एक गुलाबी गोळी उचलून उजेडाकडे धरली, दुकानात काच धरत तशी.

"कुठे होत्या?"

"गादीत. आईने आत शिवून ठेवल्या होत्या."

ते समोरच्या पलंगावर बसले. पडद्यावर संगीत सुरू झालं होतं आणि लोक रांगेने हात उंचावत होते. बाबांनी गोळी होती तिथेच, ढिगाच्या टोकावर परत ठेवली.

"तिने मला विचारलं होतं," ते म्हणाले.

त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"या माणसाचं. म्हणाली, हा सांगतो ते शास्त्राला धरून आहे का, एकदा तुम्ही बसून बघा. मी घाईत होतो. म्हटलं, अगं, त्या वाहिनीवर कुणालाही उभं करत नाहीत."

"मग बघितलंत कधी?"

"ती गेल्यावर."

"आणि?"

बाबा पडद्याकडे बघत राहिले. पांढरा कोट आता मंचावर आला होता. तो ओरडत नव्हता. त्याचा आवाज घरातल्या माणसासारखा मऊ होता.

"हा बोलायला लागला की ती शेजारी बसल्यासारखी वाटते," ते म्हणाले.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. काचा गुंडाळायच्या मऊ कागदाची पुडी बाहेर आली. त्यांनी ती गुडघ्यावर सावकाश उलगडली, उठले आणि कागदासकट खुर्चीवर ठेवली, आईच्या ढिगाच्या शेजारी, त्यात मिसळू न देता. बारीक पिवळ्या गोळ्या. हृदयाच्या. यातली प्रत्येक गेल्या पंधरा दिवसांत तिने स्वतः, चहा झाल्यावर, त्यांच्या हातावर ठेवली होती. पाणी घेऊन ते रोज खिडकीकडे वळत आणि तिच्याकडे पाठ करून मान वर करत. ते तिला आत्ता आठवलं.

"मी आल्यापासून?" तिने विचारलं.

"आधीपासून. त्या आधीच्या गोळ्या दुकानात आहेत."

तिने खुर्चीची पाठ धरली. लाकूड गार होतं. पडद्यावरच्या माणसाने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला की कुणीतरी आज या घरात शंका घेऊन बसलं आहे. रोजच तो असं म्हणे. तरी तिची नजर दाराकडे गेली.

"पाणी आण, बाळ," बाबा म्हणाले.

ती स्वयंपाकघरात गेली. माठातून पाणी काढून तिने पेला भरला. बाहेर उपदेशकही लोकांना पाणी आणायला सांगत होता. भरून झालं, आता पेला पुढे ठेवा, तो म्हणाला.

ती दारात आली. बाबा खुर्ची आणि टीव्ही यांच्या मधोमध, तिच्याकडे पाठ करून उभे होते. एका बाजूला खुर्चीवरच्या गोळ्या होत्या, दुसऱ्या बाजूला फळीवरचं ते वर्तुळ. वळून न बघता त्यांनी तळहात मागे केला. रोज सकाळी गोळीसाठी करत, तसाच.

तिने पेला दिला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आधी खुर्चीकडे बघा."

हात तसाच राहिला. त्यांच्या श्वासाचा आवाज तिला दारापर्यंत ऐकू येत होता. मान वळवायला त्यांना फार वेळ लागत होता, आणि पडद्यावरचा माणूस डोळे मिटून, हात पुढे करून वाट बघत होता.