बाळंतिणीचा सव्वा महिना

मी एक उंदरीण. पांढरी, लाल डोळ्यांची, शेपटीसकट जेमतेम वीतभर. एवढ्याशा जिवाला सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून बोलतेय.

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात एका दुकानात माझा जन्म झाला. दुकानात उंदरांच्या दोन काचपेट्या होत्या. पुढच्या पेटीतले ठिपक्याठिपक्यांचे उंदीर लोक पाळायला नेत. आमची पेटी मागे होती. आम्ही सापांच्या खाण्याचे. झाकण उघडलं की आम्ही एकमेकांच्या अंगाखाली घुसत असू. ज्याला जागा मिळायची नाही, तो जायचा.

सप्टेंबर १९८६ मधल्या एका शनिवारी झाकण उघडलं, आणि मला जागा मिळाली नाही.

मला निवडणारी दीपा चौदा वर्षांची होती. तिनं अजगर पाळला होता, अजून लहान, तपकिरी नक्षीचा. त्याचं नाव नूडल. दुकानदारानं तिला नियम सांगितला होता, की उंदीर अजगराच्या मधल्या भागाइतकाच जाड हवा. मोठा दिला तर अजगर ओकून टाकतो, लहान दिला तर उपाशी राहतो. दीपानं त्यावर युक्ती काढली होती. तिच्या बारशातला चांदीचा वाळा नूडलच्या पोटावर बरोबर बसायचा. म्हणून जो उंदीर त्या वाळ्यातून जाईल, तो घ्यायचा. मी गेले. पोट जरा अडकलं, पण दुकानदार म्हणाला, चालेल.

घरी आलो तर दीपाची आई, सुलेखाबाई, पाट धूत होत्या. त्यांनी आधी वाळा पाहिला, मग मला.

"दीपा, हा वाळा आजीनं पुण्याहून पाठवला होता. तू त्यातून उंदीर काढतेस?"

"मॉम, इट्स द परफेक्ट साइझ."

"आणि उद्या गणपती बसणार. बाप्पा घरात असताना त्याचं वाहन अजगराला घालायचं? जमणार नाही."

"ही इज हंग्री, मॉम. दोन आठवडे झाले."

"मग अजून एक आठवडा थांबेल. विसर्जनाला हॉल शनिवारीच मिळालाय."

दीपाचे वडील नरेंद्र एका चिपच्या कंपनीत इंजिनियर होते. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "बघ दीपा, बाप्पाला पण वीकेंडच सोयीचा पडतो."

असा मला आठवडा मिळाला. कपडे धुण्याच्या खोलीत, वॉशिंग मशीनशेजारी मला एका काचपेटीत ठेवलं. आरतीच्या टाळ्या ऐकू येत. मी पेटीभर फिरत राही. कोपऱ्यातून कोपऱ्यात, पुन्हा पहिल्या कोपऱ्यात. माझ्या पोटात काय आहे, ते मला ठाऊक होतं. त्यांना नव्हतं.

पाचव्या दिवशी पहाटे मला सात पिल्लं झाली.

सुलेखाबाई कपडे घ्यायला आल्या आणि तिथंच खाली बसल्या. मग आत गेल्या आणि खोबऱ्याचा कीस घेऊन आल्या. "खा गं," म्हणाल्या. "दूध यायला हवं."

दीपानं दुकानात फोन केला. पिल्लांची आई अजगराला चावते, त्याला जखम होते, तिला देऊ नका, असं दुकानदारानं सांगितलं. दीपा मुकाट्यानं दुसऱ्या उंदराची सोय बघू लागली. सुलेखाबाईंचा नियम मात्र वेगळाच होता.

"बाळंतीण आहे ती. सव्वा महिना तिला कुणी हात लावायचा नाही."

"सव्वा म्हणजे?"

"तू झालीस तेव्हा मी सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. तसंच."

त्या सव्वा महिन्यात माझे फार लाड झाले. ओट्स भिजवून, गाजर किसून, कधी भाकरीचा पापुद्रा. पिल्लांना लव फुटली, डोळे उघडले, ती काचेवर चढू लागली. मधल्या दर शुक्रवारी दीपा दुकानातून दुसरे उंदीर आणी आणि आपल्या खोलीचं दार लावून घेई. सुलेखाबाई त्या वेळी स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडत.

मी दिवस मोजत होते. पण मी माझ्यासाठी मोजत होते, हीच माझी चूक. सुलेखाबाईंचीही तीच.

सव्वा महिना भरला त्या दिवशी दीपा वाळा घेऊन आली. तिनं माझा एक लेक उचलला. तो वाळ्यातून गेला. दुसरा गेला. लेकही गेली. सातच्या सात.

"परफेक्ट," ती म्हणाली आणि तिनं वाळा मुठीत मिटला. सातही जण नूडलच्या मापाचे झालेत, हे तिच्याही लक्षात आलं असावं.

नरेंद्र दारातून डोकावले. "अरे वा. घरात सात तयार असताना दुकानात चकरा कशाला मारायच्या?"

सुलेखाबाईंच्या हातातली कपड्यांची टोपली तशीच राहिली. "मी यांना याच्यासाठी वाढवलं?"

"मग काय, तू उंदरांची शेती करणार?" नरेंद्रांनी विचारलं.

"यातलं एकही द्यायचं नाही."

"मॉम, नूडल काहीतरी खाणारच ना. प्रत्येक वेळी कुणाचं तरी बेबीच असतं." दीपाचा आवाज चिडका नव्हता. "यू नेव्हर लुक. तू दुकानात ये. यू पिक."

मी सातही जणांना अंगाखाली ओढत होते. ते आता जवळजवळ माझ्याएवढे झाले होते. कुणी ना कुणी बाहेर राहायचंच.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तासाभरानं दोघी परतल्या. सुलेखाबाईंनी भोकं पाडलेलं एक खोकं मशीनवर, माझ्या पेटीला लागून ठेवलं आणि हात धुवायला लागल्या. साबण तीनदा लावला.

"पटकन घेतलास," दीपा म्हणाली. "कसा निवडलास?"

"सगळे पळाले गं. कोपऱ्यात जाऊन एकमेकांखाली शिरले. हा एकटा पुढे आला. माझं बोट हुंगलं त्यानं." त्या थांबल्या. "मला पळणाऱ्याला धरवेना. म्हणून हाच."

दीपानं नळ बंद केला.

खोक्यातून खरवडल्याचा आवाज येत होता. माझ्या जुन्या पेटीतल्या भुशाचा वास येत होता. मी काचेला चिकटून उभी राहिले, पण एक शब्द बोलले नाही. दीपानं खोकं उचलून नेलं, तिच्या खोलीचं दार लागलं. त्या दिवशी नळ कुणी सोडला नाही. सुलेखाबाई दीपाच्या मागोमाग आत गेल्या होत्या.

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, सातही जण जागेवर आहेत हे मोजून मला आनंदच झाला. तो आनंद अजून माझ्या अंगात काट्यासारखा फिरतो, मला झोपू देत नाही.

आता मी म्हातारी झालेय. माझी मुलं शेजारच्या दोन पेट्यांत आहेत, मुलगे एकीकडे, मुली एकीकडे. दर शुक्रवारी मायलेकी दुकानात जातात. निवडतात सुलेखाबाईच.

तुमचं त्या दुकानाकडे जाणं झालं आणि मागच्या पेटीत एखादी उंदरीण कोपऱ्यातून कोपऱ्यात फिरताना दिसली, तर तिला माझा एक निरोप द्या. म्हणावं, तुझा लेक शेवटपर्यंत घाबरला नव्हता. हात आला, तेव्हा तो आपणहून पुढे झाला होता.