सेफ्टी वॉल्व्हवरचं तोरण

दसऱ्याचा मुहूर्त चुकता कामा नये, एवढंच आमच्या बन्सीलालशेठांना कळायचं. बॉयलर जुनाच, पण त्याचा बर्नर आता कॉम्प्युटर चालवणार होता. तो कॉम्प्युटर शेठांनी थेट जर्मनीहून मागवलेला, आणि प्रोग्राम लिहिणारा पुण्याचा साहेब. "माझ्या मशिनवर चालतंय, इथंही चालेल," म्हणून स्वारी आदल्या दिवशीच एसटीनं पसार! मी म्हटलं, शेठ, एकदा तपासून तर बघू. तर मलाच हसले. अमळनेरच्या त्या तेलगिरणीत कॉम्प्युटरवर बसणारी मी एकटी मुलगी, माझं कोण ऐकतंय?

बॉयलरवर माझे वडील, तोतारामआबा. सकाळीच त्यांनी दाबाच्या काट्यावर झेंडूचा जाडजूड हार चढवला. सेफ्टी वॉल्व्हच्या दांड्याला पाच नारळांचं तोरण बांधलं. दाब वाढला की हा दांडा उचलला जातो आणि जादा वाफ निघून जाते. पूजेचं काही संध्याकाळपर्यंत हलवायचं नाही, हा गिरणीचा रिवाज. दरवर्षी दसऱ्याला बॉयलर थंड असायचा, म्हणून निभावून जायचं. यंदा मुहूर्तावर पेटवायचा होता.

मी दाबाचा आकडा टाकला, ७.५. बर्नर घरघरला, शेठांनी पेढे वाटले. तासाभरानं आणखी एक पेढा तोंडात टाकत मी सहज पडद्याकडे पाहिलं. 'आताचा दाब: ९,६.'

स्वल्पविराम? आकड्यात स्वल्पविराम कुठून आला?

आणि एकदम आठवलं. जळगावच्या क्लासात सरांनी सांगितलं होतं, विंडोजमध्ये देशाची सेटिंग असते. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम देतात, आणि टिंब नुसतं हजार वेगळे करायला. या मशिननं माझं टिंब सोडूनच दिलं होतं. वर लिहिलं होतं, 'ठेवायचा दाब: ७५.' आमचा बॉयलर दहाच्या वर कधी गेला नव्हता.

मी प्रोग्राम बंद केला. बर्नर चालूच! शेवटचा हुकूम धरून बसलेला मेला. त्याचं बटण बॉयलरघरात.

चपला तिथंच टाकून मी अंगण ओलांडत पळाले. आबा उदबत्ती फिरवत होते. मी बटणावर हात मारला आणि काट्यावरचा हार ओढला.

"हात नको लावू! पूजा शे ती!" आबा ओरडले. मग त्यांना काटा दिसला. लाल रेघ ओलांडून पार टोकाला टेकलेला. बर्नर थांबला होता, पण आत कोंडलेली वाफ जाणार कुठं? आबांनी वर पाहिलं. नारळांच्या वजनानं दांडा दबून बसला होता. पत्रा कुरकुरत होता.

"आबा, चला बाहेर! फुटेल ते!"

त्यांनी मला ढकललं, चांगलं जोरात, आणि आतून कडी लावली. मी दारावर धडका देत राहिले. आबा, आबा! बाहेर शेठ पेढ्यांचा पुडा घेऊन नुसते उभे. आतून शिडीचा आवाज आला, मग काहीच नाही. देवा, काहीच नाही.

मग तोरणाचे नारळ धडाधड खाली आदळले आणि वाफेची अशी किंकाळी उठली की मी कान दाबून खालीच बसले. दाराच्या फटीतून पांढरी वाफ आली. कडी निघाली. आबा बाहेर आले, दोन्ही हात पुढं धरून. हातांची कातडी सुटली होती.

संध्याकाळी लोक घरी सोनं द्यायला आले. आबांच्या हातांना पट्ट्या. आपट्याचं पान मी त्यांच्या खिशात घातलं आणि पाया पडले. माझं डोकं त्यांच्या गुडघ्यावर होतं, आणि गुडघा थरथरत होता. आबांना भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"माले भ्याव वाटनं, कुंदा," ते हळूच म्हणाले. "तू दार सोडत नव्हती ना, म्हणून."

मला रडूच फुटलं.

"पुन्हा बॉयलर पेटवतीन, तवय कॉम्प्युटरवर तूच बस," आबा म्हणाले. "दुसरं कोनी नको."