चिमूटभर कमी

कस्तुराबाईचा पळीवरचा हात जेवढा फटाफट चालायचा, तेवढीच जीभ. लोहगडवाडीला, गडाच्या पायथ्याशी, तिचं पिठलं-भाकरीचं दुकान होतं. ट्रेकिंगला आलेलं एखादं पोरगं म्हणायचं, "आंटी, थोडं कमी तिखट मिळेल का?" की ही म्हणायची, "मिळंल की. तुज्या आईकडं." तरी पोरं यायची, कारण पिठलंच तसलं होतं. मग घरात सून आली. चूल दोन पातेली झेलते, दोन तोंडं नाही झेलत. चार महिन्यांत कस्तुराबाईनं आपली पळी उचलली आणि लोणावळ्यात भांगरवाडीला धाकट्या बहिणीकडं येऊन राहिली.

बहीण एवढी गरीब स्वभावाची, की तिच्याशी भांडण म्हणून लागेना. कस्तुराबाईला घर खायला उठलं. म्हणून ती रजनीताईंच्या अन्नछत्रात सेवा म्हणून स्वैपाक करायला जाऊ लागली. रजनीताई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या बाई. बाजाराच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये त्या रोज दुपारी बाराला साठ-सत्तर माणसं जेवू घालायच्या. हमाल, नाक्यावर काम न मिळालेले गडी, कचरा वेचणाऱ्या बाया, एकटी पडलेली म्हातारी माणसं. नियम एकच, कुणाला काही विचारायचं नाही. आला, बसला, जेवला, गेला.

हौशीराम आबाचं घोडं नेमकं तिथंच अडलं.

तीन दिवस तो रस्त्यापलीकडं पंक्चरच्या दुकानापाशी येऊन उभा राहायचा. धोतर धुतलेलं, टोपी कडक, पोट पाठीला लागलेलं. फोडणी पडली की नाक वर व्हायचं, आणि माणसं बसली की हा चालू लागायचा. चौथ्या दिवशी रजनीताई रस्ता ओलांडून गेल्या.

"आजोबा, या ना जेवायला. मोफत आहे."

"मोफत?" आबा असा ओरडला की पंक्चरवाल्याच्या हातातली ट्यूब सुटली. "मी काय भीक मागाया उभा हाय व्हय? पवनेच्या काठानं जाऊन इचारा, हौशीराम कोण ते!"

रजनीताई लाल होऊन परत आल्या. कस्तुराबाईनं चुलीपासूनच हे सगळं बघितलं होतं. तिनं पळी पातेल्यावर आपटली आणि तिथनंच हाळी दिली, "ओ आबा! हिकडं या जरा. माजी जीभ पोळलीया, मीठ कळंना. तेवढं बघून जावा!"

आबा थांबला. टोपी सारखी केली. आला.

वाटीभर आमटी दिली तर म्हणाला, "नुसत्या आमटीत चव कळती व्हय? भाकरी आण." भाकरी आणली. ती गेली. "मीठ पैल्या भाकरीला कळतं, पर तिखट मागनं येतं." दुसरी गेली. तिसऱ्या भाकरीनं ताटली पुसून त्यानं ढेकर दिला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "मीठ चिमूटभर कमी हाय."

तीस वर्षांत कस्तुराबाईचं मीठ चुकलेलं नव्हतं. पळी डोक्यात घालायलाच ती वळली होती, पण तिला ती ताटली दिसली. मांजरानं चाटल्यासारखी लख्ख. मग तिनं बरणीत हात घातला, रिकामाच मिटला, आणि पातेल्यावर जोरात झाडला. आबानं पुन्हा बोट बुडवून चाटलं.

"आत्ता कसं!" म्हणाला. आणि उठून, कमरेवर हात ठेवून, असा आवाज दिला की शेडचे पत्रे वाजले. "बसवा पंगत!"

त्याच्या गावाकडं चाळीस वर्षं हेच चालायचं म्हणे. कुणाचं का लग्न असेना, आबानं चव बघून हाळी दिल्याशिवाय पानावर कुणी बसायचं नाही.

झालं! दुसऱ्या दिवशी आबा पावणेबाराला हजर. "जीभ कशी हाय?" "अजून पोळल्यालीच हाय." तिसऱ्या दिवशीही पोळलेली. सहा महिने झाले, कस्तुराबाईची जीभ काही बरी होईना. रोज तीन भाकऱ्या, रोज मीठ चिमूटभर कमी, रोज रिकामी मूठ, रोज 'आत्ता कसं'. बाकीची सत्तर माणसं तोवर ताटकळत.

"आबा, तुमी चव बघूस्तवर आमचा जीव जातोय," हनुमंत हमाल कुरकुरायचा.

"लग्नात वऱ्हाडी घाई करत न्हाईत."

"आज कुणाचं लगीन हाय?"

"तुजं न्हाई, एवढं नक्की."

हनुमंतानं पस्तिशी गाठली होती, आणि मुलगी कुणी देत नव्हतं.

सगळं असं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात दिगंबरशेठचा वाढदिवस आला. या शेठचे शनिवार-रविवार भाड्यानं द्यायचे तीन बंगले, तिन्हीत पोहायचे तलाव. वाढदिवसाचं जेवण त्याच्याकडनं होतं. शिरा, आमटी, भाकरी, आणि शेडवर त्याच्याच फोटोचा बॅनर. पहिली ताटली आपल्या हातानं वाढायची आणि व्हिडिओ काढायचा, असा बेत. बारा वाजले, साडेबारा वाजले, आबाची तिसरी भाकरी चालू.

"हे कोण? लाभार्थी का?" शेठनं विचारलं.

"चव बघतात ते आमच्याकडे," रजनीताई घाईघाईनं म्हणाल्या. शेठला ते आवडलं. त्यानं मोबाईल आबा आणि कस्तुराबाईकडंच वळवला.

आबानं डोळे मिटले. "मीठ चिमूटभर कमी हाय."

कस्तुराबाईनं मूठ झाडली. "आत्ता कसं!" आबा म्हणाला.

"एक मिनिट," शेठ मोबाईलमध्ये डोकं घालून हसायला लागला. "अहो मावशी, हातात काहीच नव्हतं! हे बघा, झूम करून दाखवतो. रिकामी मूठ! आजोबा, तुम्हाला मावशी फसवतात!"

माणसं हसली. हनुमंत तर गुडघ्यावर थापा मारून हसला. कस्तुराबाईच्या कानशिलात वणवा पेटला. राग आला होता शेठचा, पण त्या दिवसाचं जेवण शेठच्या पैशाचं होतं. मग तो राग उतारानं पाणी जावं तसा जिथं वाट मिळाली तिथं गेला.

"मग काय करू? रोज तीन-तीन भाकऱ्या हादडायच्या आन वर माज्याच मिठाला नावं! फुक..."

तिनं ओठ चावला. पण अर्धा शब्द सुटला होता.

आबा उठला. आजवर ताटली त्यानं कधी धुतली नव्हती. त्या दिवशी नळावर जाऊन धुतली, पुसली, पालथी ठेवली, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. बारा वाजले तरी माणसं उभीच.

"मावशी, बसायचं, का उभ्यानंच खायचं?" हनुमंत म्हणाला.

"बसा की! अक्षता वाटू का तुमाला?"

बसली, पण काही खरं नाही. कुणी भाकरीआधीच आमटी पिऊन मोकळा, कुणी जागेवरनं भांडतोय. "कृपया सुरुवात करा," असं रजनीताईंनी वर्गात सांगतात तसं सांगितलं, ते पहिल्या रांगेपलीकडं गेलंच नाही. कचरा वेचणारी सविता रोज मांडी घालून जेवायची, तिनं भाकरी पिशवीत कोंबली आणि खाली मान घालून निघून गेली.

त्याच्या पुढच्या दिवशी कस्तुराबाई पंक्चरवाल्याकडं गेली. "आबा दिसला का रं?"

"सकाळी दिसला. म्युन्सिपाल्टीच्या नळावर. ओंजळीनं पाणी पीत होता. लय वेळ पीत होता मावशी. पोट भरंस्तवर."

त्या रात्री कस्तुराबाईलाही घास उतरला नाही. बहिणीनं "काय झालं?" विचारलं, तर ही बहिणीवरच खेकसली.

तिसऱ्या दिवशी अकरालाच आमटी उकळली. रजनीताईंनी पळीनं चाखली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "अहो, मीठ?"

"मीठ आबा आल्यावर."

"आणि नाही आले तर?"

"तर समदी अळणी खात्याल. मी बी खाईन." तिनं डब्यात आमटी भरली, बरणीत उजवा हात घातला, मूठ मिटली, आणि चालू लागली.

आबाची खोली रेल्वे लाइनीपलीकडं, एका बंद बंगल्याच्या मागं. दार उघडंच होतं. तो खाटेवर बसला होता, टोपी घालून, कुणीतरी बोलवायला येणार असल्यासारखा. कस्तुराबाईनं जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळं ती मागतात कशी ते तिला येतच नव्हतं.

"आबा, मीठ बघायचंय."

"त्या शेटला बोलव. त्याच्या मोबाईलात समदं मोठं दिसतं."

"त्याला काय कळतंय! वाढदिसाची एक मेणबत्ती इडिओपायी तीनदा फुकली त्यानं."

आबाची मिशी हलली. पण तो म्हणाला, "मी फुकटचं खात न्हाई."

"मी तो शबूद अर्दाच बोलले व्हते."

"उरलेला मला कळला."

कस्तुराबाई पुढं सरकली. डाव्या हातानं डबा उघडून त्याच्यापुढं धरला. आबानं तोंड फिरवलं, पण वास काही फिरेना. शेवटी एक बोट आमटीत गेलं, आणि आबा ताडकन उठला.

"ह्यात मीठच न्हाई!"

"व्हय."

"इसरलीस?"

"न्हाई." तिनं उजवी मूठ उघडली. सगळ्या वाटेनं घट्ट धरून मीठ घामानं ओलं झालेलं, त्याचा गोळा झालेला. "बघा. आज भरल्याली हाय."

आबा त्या मुठीकडं बघत राहिला. मग हळूच खाली बसला. "मला म्हाईत व्हतं गं. मूठ रिकामी असती ते."

"कवापास्नं?"

"पैल्या दिसापास्नं. माज्या डोळ्याला काय झालंय? जिभंला बी काय झालं न्हाई. तुजं मीठ रोज बरूबर असायचं."

"मग मेल्या, कमी का म्हणायचा?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"बरूबर हाय म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कशाला बोलावलं असतंस?"

बाहेरनं एक मालगाडी गेली. लांब होती.

"मोटं पातेलं?" आबानं विचारलं.

"त्यात बी न्हाई."

"माणसं किती?"

"सत्तर."

"सत्तर माणसं अळणी आमटीपुडं उभी करून तू हितं गप्पा मारतीस? ऊठ!"

चप्पल घालायचंही त्याला भान नव्हतं. शेडमध्ये शिरला तसा हनुमंतानं शिट्टी मारली. कस्तुराबाईनं अंदाजानं मीठ घातलं, आबा भाकरी घेऊन बसला. तीन दिवसांची भूक, त्या दिवशी चव पाच भाकऱ्यांनी कळली. कुणी कुरकुरलं नाही. त्यानं ताटली पुसली, डोळे मिटले, आणि सहा महिन्यांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "मीठ चिमूटभर कमी हाय."

सत्तर माना एकदम कस्तुराबाईच्या मुठीकडं वळल्या. शेठच्या व्हिडिओपासून सगळ्यांचे डोळे शहाणे झालेले. रिकामी मूठ आता चालणार नव्हती. कस्तुराबाईनं आबाकडं बघितलं, बरणीत हात घातला, आणि सगळ्यांना दिसेल अशी, गच्च भरलेली मूठ पातेल्यात सोडली.

आबानं बोट बुडवून चाटलं. डोळ्यांत पाणी तरळलं. एकदा आवंढा गिळला, मग आणखी एकदा.

"आत्ता कसं!" तो म्हणाला. "बसवा पंगत!"

माणसं नीट रांगेत बसली. सविता मांडी घालून बसली. पहिला घास गेला आणि पाण्याचे तांबे फिरायला लागले.

"आबा," हनुमंत खोकत म्हणाला, "आज मीठ जरा..."

कस्तुराबाईनं पळी वर केली. हनुमंतानं तो घास तसाच गिळला.

आबा ताटली तिथंच टाकून, धोतर सावरत चुलीपाशी आला. इकडंतिकडं बघितलं, आणि तिच्या कानाशी लागून हळूच म्हणाला, "कस्तुरे, उद्यापास्नं रिकामी मूठच बरी."